पडलेला फणस

३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलें आणि आमच्या परसांतील, आजोबांनीं लाविलेला फणस मुळासकट उन्मळून पडला. चार दिवसांनीं वखारवाला दारीं आला. जळाऊ लांकडाच्या भावानें तो सारा वृक्ष न्यावयास तयार होता. धाकटे काका म्हणाले, "देऊन टाकूं, आणि पैसे वांटून घेऊं." आजी एवढेंच बोलली, "ज्याचे गरे मिळून खाल्ले, त्याच्या ढलप्या कशा वांटतां रे?"

अखेर ओंडका घरींच ठेवावयाचा ठरला. पावसाची उघडीप पाहून त्याच्या दोन इंच जाडीच्या सहा फळ्या पाडविल्या. झाडाचा मूळ आकार राहावा म्हणून कडा मात्र तासल्या नाहींत. पहिली फळी लवकर वाळावी म्हणून आम्हीं उन्हांत टाकिली. आठ दिवसांत ती मधोमध चिरली!

असें कां व्हावें? ओल्या लांकडांतील पाणी कांहीं त्याच्या सूक्ष्म नळ्यांच्या पोकळींत, तर कांहीं त्यांच्या भिंतींत असतें. पोकळींतील पाणी गेल्यानें लांकूड आकसत नाहीं. ओलावा कोरड्या वजनाच्या सुमारें ३० टक्क्यांखालीं उतरला, म्हणजे भिंती सुकून आकसणें सुरू होतें. तेंही सर्व दिशांनीं सारखें नव्हे. वलयांच्या कडेनें तें केंद्राच्या दिशेपेक्षां जवळ जवळ दुप्पट असतें. त्यांत बाहेरचा थर घाईनें सुकला व आंतला ओलाच राहिला, कीं ताण पडून फळी फाटते.

उरलेल्या पांच फळ्यांच्या टोकांना वितळलेलें मेण फासलें, कारण टोकांतून पाणी फार वेगानें जातें. साल हें किडीचें माहेरघर. ती सोलून काढिली. मग पडवींत, जमिनीपासून हातभर उंच, मधून मधून सारख्या जाडीच्या रिपा घालून फळ्या रचिल्या व वर दगड ठेविले. इंचामागें एक वर्ष हा सर्वसाधारण ठोकताळा. पण वाचकांपैकीं कोणावर असा प्रसंग आल्यास खात्री तराजूनें करावी. दरमहा वजन करतां तें घटेनासें झालें, म्हणजे फळी वाळली.

चिरलेली फळीही वायां गेली नाहीं. भेगेवर डमरूच्या आकाराच्या लांकडी पाचरी बसविल्या. अमेरिकेंतील जॉर्ज नाकाशिमा यांच्या मेजांमुळें ही रीत फार प्रसिद्धीस आली. १९३० च्या दशकांत ते पुदुच्चेरीच्या अरविंदाश्रमांत गोलकोंड वास्तूच्या कामावर होते.

२०२२ च्या दिवाळींत पांच फळ्यांचीं मेजें व बांकें झालीं. सहावी, ती चिरलेली, कोणास द्यावी असा प्रश्न निघाला, तेव्हां धाकट्या काकांनीं ती आपण होऊन मागून घेतली.