घरचें पेंव आणि घरचा विमा

हजार घरांनीं थोडें थोडें द्यावें आणि ज्या एखाद्या घरास आग लागेल त्याचें नुकसान त्या पुंजींतून भरून निघावें, हें विम्याचें साधें तत्त्व आमच्या वाचकांस ठाऊकच आहे. परंतु मोठ्या कारखानदारांस पुढें असा प्रश्न पडला, कीं वर्षानुवर्षें परक्याच्या तिजोरींत हप्ते भरीत बसण्यापेक्षां आपणच स्वतःची विमा-कंपनी कां काढूं नये? या विचारांतून जी संस्था जन्मास आली तिला ‘कॅप्टिव्ह’ विमा-कंपनी म्हणतात. आम्ही तिला घरची विमा-कंपनी म्हणतों. कारण तिची मालक जी व्यापारी कंपनी, तीच तिची गिऱ्हाईक.

या नांवाची हकीकत मोठी मौजेची आहे. अमेरिकेंतील ओहायो संस्थानांत यंग्सटाउन शीट अँड ट्यूब ही पोलादाची कंपनी होती. तिच्या ज्या खाणींचा माल केवळ तिच्याच भट्ट्यांस जाई, त्या खाणींस ‘कॅप्टिव्ह’, म्हणजे अंकित, असें म्हणत. १९५० नंतरच्या दशकांत फ्रेडरिक रीस या विमा-तज्ज्ञानें या कंपनीसाठीं घरची विमा-कंपनी काढली, तेव्हां खाणींचें विशेषण विम्यासहि चिकटलें. १९६२ सालीं रीसनें बर्म्यूडा बेटावर आपलें ठाणें नेलें, व तेथें अशा कंपन्या शेंकड्यांनीं निघाल्या. १९८१ सालीं अमेरिकेंतील व्हरमाँट संस्थानानेंहि त्यांच्यासाठीं स्वतंत्र कायदा केला.

या व्यवस्थेचे फायदे उघड आहेत. पहिला, अपघात थोडे झाले तर उरलेला पैसा घरींच राहतो. दलालाची दलाली व परक्याचा नफा वांचतो. दुसरा, जी जोखीम बाजारांत कोणी पत्करीत नाहीं, किंवा पत्करल्यास अवाच्या सवा हप्ता मागतो, तिची सोय होते. तिसरा, विमा-कंपन्यांचाहि विमा उतरणाऱ्या ज्या पुनर्विमा-कंपन्या असतात, त्यांच्याशीं थेट व्यवहार करतां येतो. चौथा फायदा आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो. नुकसानीचा पैसा आपल्याच खिशांतून जाणार असें कळलें म्हणजे अपघात कां होतात याचा हिशेब मनुष्य बारकाईनें ठेवूं लागतो.

आतां दुसरी बाजू पाहूं. अशा कंपनीस प्रथम भांडवल घालावें लागतें, आणि तें अडकून पडतें. परवाना, हिशेब-तपासनीस, गणिततज्ज्ञ यांचा खर्च दरसाल चालूच राहतो. तो लहान व्यापाऱ्यास परवडत नाहीं. पण याहून खोल दोष असा, कीं हजार घरांच्या जागीं येथें एकच घर उरतें. पूर्वीं आपल्याकडे घरोघरीं धान्याचीं पेंवें असत. ज्याचें पेंव भरलेलें, त्यास पायलीभर धान्यासाठीं सावकाराच्या दारीं जावें लागत नसे. परंतु ज्या पुरांत घर बुडेल, त्याच पुराचें पाणी अंगणांतील पेंवांतहि शिरणार!

याचें उदाहरण बीपी या ब्रिटिश तेल-कंपनीचें. भरलेल्या हप्त्यांच्या मानानें परत मिळणारी भरपाई फारच थोडी, असें पाहून मोठ्या नुकसानींचा बाहेरील विमा न घेण्याचें धोरण तिनें १९९० नंतरच्या दशकाच्या आरंभीं स्वीकारलें. ग्वेर्न्सी बेटावरील ज्यूपिटर ही तिची घरची विमा-कंपनी. २० एप्रिल २०१० रोजीं मेक्सिकोच्या आखातांत डीपवॉटर होरायझन या तरंगत्या तेल-मंचावर स्फोट झाला. ११ कामगार प्राणांस मुकले. ज्यूपिटरची मर्यादा एका अपघातास ७० कोटी डॉलरांची होती, आणि बीपीस पुढें जो एकंदर खर्च आला तो सुमारें ६,५०० कोटी डॉलरांचा! इतका विमा बाजारांतहि कोणी दिला नसता, हें न्यायबुद्धीनें सांगितलें पाहिजे. परंतु बीपीस मालमत्ता विकावी लागली, त्या वर्षीं तीन तिमाह्यांचा लाभांश थांबवावा लागला, आणि त्या लाभांशावर विसंबलेल्या ब्रिटनमधील निवृत्तिवेतन-निधींस त्याची झळ लागली. मालकाच्या निर्णयाची जोखीम शेवटीं पेन्शनर म्हाताऱ्यांपर्यंत पोंचली ती अशी.

दुसरा धोका मोहाचा. घरच्या कंपनीस दिलेला हप्ता खर्चाच्या बाजूस मांडून कर वांचवितां येतो. म्हणून केवळ करासाठींच हा डाव मांडणारेहि निघाले. ॲरिझोनांतील एका जवाहिऱ्याच्या खटल्यांत २०१७ सालीं अमेरिकेच्या कर-न्यायालयानें निर्णय दिला, कीं हा विमाच नव्हे. हप्ते भरमसाट; पण सरकारी तपासणी सुरू होईपर्यंत भरपाईचा एकहि दावा झालेला नव्हता.

तात्पर्य, जें नुकसान वारंवार होतें, ज्याचा अंदाज करतां येतो आणि जें सोसतां येतें, त्यासाठीं घरचा विमा उत्तम. जें एकाच तडाख्यांत घर बुडवील, त्याचा भार शक्य तेवढा बाहेर वांटलाच पाहिजे. ज्यांच्या घरीं कंपन्यांचे भाग आहेत, त्यांनीं वार्षिक अहवाल हातीं आला म्हणजे लाभांशाच्या आंकड्याबरोबर एवढेंहि पाहावें: कंपनीचें पेंव किती मोठें आहे, आणि तें कोणाच्या अंगणांत आहे?