एका दिवसाची नौका

मॉरिशसहून परतलेली मंडळी जी छायाचित्रे दाखवतात, त्यांत निळे पाणी, पांढरी वाळू आणि नारळाची झाडे असतात. "हे तर आमच्या तारकर्लीलाही आहे," असे माझे सासरे म्हणतात; आणि ते मूळचे मालवणचे असल्यामुळे त्यांना तसे म्हणण्याचा अधिकारही आहे. पण मॉरिशसपाशी एक गोष्ट आहे, ती तारकर्लीपाशी नाही. कोकणच्या किनाऱ्यापुढे समुद्राचा तळ उतरत्या अंगणासारखा सावकाश खोल होत जातो. खरे खोल पाणी गाठायला नौकेला कित्येक तास लागतात. मॉरिशस हे ज्वालामुखीतून वर आलेले बेट. त्याच्या पश्चिम किनाऱ्यावर प्रवाळाची भिंत ओलांडली की थोड्याच वेळात नौकेखाली शेकडो मीटर पाणी असते. म्हणून मार्लिन, कुपा, वाहू असे भर समुद्रातले मासे तिथे किनाऱ्याच्या जवळून जातात. सकाळी निघावे आणि दुपारच्या चहाला परत यावे, इतक्या जवळून!

दादांनी (सासऱ्यांना आम्ही दादा म्हणतो) लहानपणी मालवणच्या धक्क्यावर बसून तांबोशी आणि गोबरे गरवले. पुढे शिक्षणासाठी ते मुंबईला आले, बँकेत लागले आणि हातची गरी सुटली ती सुटलीच. त्यांच्या पंचाहत्तरीच्या समारंभाचा विषय निघाला तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "सभागृहाला भाडे द्यायचेच असेल, तर तेवढ्यात एका दिवसाची नौका येते का, ते बघा."

आमचे हे हसले. सासूबाई मात्र हसल्या नाहीत. दादांच्या हृदयात सहा वर्षांपूर्वी स्टेंट बसवला आहे. "मासाच हवा ना? कोळीण अजून दारात येते," एवढे बोलून त्या स्वयंपाकघरात निघून गेल्या. बेत आखण्याचे काम माझ्याकडे आले. आमच्या घरात आरक्षणापासून बारशापर्यंत सगळे बेत माझ्याकडेच येतात.

पहिला प्रश्न महिन्याचा. मार्लिनचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. नेमका त्याच काळात हिंदी महासागराच्या त्या भागात वादळांचा मोसम असतो, आणि जानेवारी ते मार्च हे त्यातले अधिक धोक्याचे महिने. तिकडच्या हिवाळ्यात, म्हणजे आपल्या पावसाळ्यात, आग्नेयेकडून जोराचे वारे वाहतात. तेव्हा डोंगरांच्या आडोशाला असलेला पश्चिम किनारा त्यातल्या त्यात निवांत. आम्ही डिसेंबरचा पहिला आठवडा धरला. नातवाची शाळा चार दिवस बुडाली. दादांनी स्वतःच्या हाताने मुख्याध्यापकांना पत्र लिहिले.

मुक्कामासाठी ब्लॅक रिव्हरचा भाग निवडला, कारण नौका तिथूनच सुटतात. आठ दिवसांच्या मुक्कामात नौकेचा दिवस मी तिसराच ठेवला. पुष्कळ लोक अशी गोष्ट शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवतात आणि त्या दिवशी समुद्र खवळला की हात हलवीत परततात. तिसरा दिवस फसला तर पाचवा हाताशी असतो.

मग पत्रव्यवहार सुरू झाला. अशा नौका दोन प्रकारे मिळतात. एकात चार अनोळखी लोकांबरोबर जागा घ्यायची. हा मार्ग स्वस्त, पण गळाची पाळी वाटून घ्यावी लागते आणि कुणाला मळमळले तरी नौका ठरल्या वेळेपर्यंत फिरतच राहते. दुसऱ्यात संपूर्ण नौका आपली. पैसे पुष्कळ जास्त. माझे यजमान पहिल्या मार्गाचे होते. मी दुसरा धरला, कारण आपली नौका म्हणजे मऊ गादी आणि थंड सरबत नव्हे. हवे तेव्हा परत फिरण्याचा हक्क, त्याचे ते पैसे. पंचाहत्तर वर्षांच्या माणसाला घेऊन जाताना मला दुसरे काही विकत घ्यायचे नव्हते.

म्हणून प्रत्येक नौकावाल्याला मी तेच प्रश्न विचारले. आम्ही सांगू तेव्हा नौका परत फिरेल का? वादळामुळे निघता आले नाही, तर आगाऊ रक्कम परत मिळेल की दुसरा दिवस? जीवरक्षक जाकिटे किती, लहान मुलाच्या मापाचे आहे का? बिनतारी यंत्र आहे ना? एकाने किमतीखेरीज कशाचेच उत्तर दिले नाही आणि सगळी रक्कम आधी मागितली. त्याला मी पुन्हा लिहिले नाही. ज्याने सहाही प्रश्नांना क्रमवार उत्तरे दिली, त्याची नौका जुनी होती. तीच घेतली. पूर्ण दिवसाऐवजी सहा तासांची. नवख्यांना तेवढी पुरे.

सहावा प्रश्न माशाचा होता, आणि त्यावरून घरात वाद झाला. पकडलेला मासा नौकेच्या मालकीचा, असा तिथला रिवाज आहे. "आमच्याकडे साध्या खलाशालाही वाटा मिळतो!" दादा उसळून म्हणाले. अखेर ठरले ते असे : लहान मासा मिळाल्यास घरापुरता तुकडा आम्हाला, आणि मार्लिन लागलाच तर तो जिवंत सोडून द्यायचा. निळ्या मार्लिनला निसर्ग संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघाने २०११ साली धोक्यात आलेल्या प्राण्यांत गणले आहे. त्यातून खूप मोठा मार्लिन बहुधा मादीच असते. नर त्या मानाने लहानच राहतात. हे ऐकल्यावर दादांनी दुसरा शब्द काढला नाही.

डॉक्टरांनी दादांना तपासून परवानगी दिली, पण अट घातली : खुर्चीत बसून मोठ्या माशाशी झुंज नाही. विम्याच्या कागदात खोल समुद्रातली सहल बसते का, तेही मी विचारून घेतले. सगळ्या विम्यांत ती बसत नाही. मळमळीच्या गोळ्या आदल्या रात्रीपासून सुरू केल्या आणि वर आलेपाक.

एवढे होऊनही एक प्रश्न उरलाच. "परत फिरा" हे म्हणायचे कुणी? दादा म्हणणार नाहीत, हे सर्वांना ठाऊक होते. दादांसमोर मुलगा म्हणणार नाही. तेव्हा सासूबाईंनी निकाल दिला, "मी येते नौकेवर. मी म्हणेन."

पहाटे धक्क्यावर गेलो तेव्हा तांडेल आणि एक खलाशी डिझेल भरत होते. त्यांची आपसातली भाषा क्रिओल. आमचा मराठी गलका ऐकून तांडेल हसला आणि "गणेश!" म्हणाला. बेटावर १८३४ पासून मजुरीसाठी जे हिंदी लोक आणले गेले, त्यांत कोकणातलेही होते. त्यांच्या वंशजांमुळे गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुटी असते.

ल मोर्नचा काळा कडा डावीकडे ठेवून आम्ही बाहेर पडलो. नौकेच्या दोन्ही बाजूंना लांब काठ्या पसरल्या, मागे रंगीत झालरींची खोटी आमिषे सोडली आणि नौका ताशी तेरा-चौदा किलोमीटरच्या गतीने नुसती फिरू लागली. गरवण्याचा हा प्रकार पाहून दादा प्रथम नाराज झाले. "यात माणसाला काम काय?" ते म्हणाले. काम साडेनऊला निघाले. रीळ एकदम ओरडले आणि खलाशाने दांडी दादांच्या हाती दिली. डॉक्टरांची अट मोठ्या माशाची होती. हा लहान दिसत होता. दहा मिनिटांनी सोनेरी-हिरवा दोरादो वर आला. डोळ्यांदेखत त्याचा रंग उतरत करडा झाला. नातू तोंड फिरवून बसला. दादाही बराच वेळ बोलले नाहीत.

त्यानंतर एक मध्यम कुपा आमच्या ह्यांनी ओढला. दादांचा चेहरा उन्हाने लाल झाला होता. अकरा वाजले. मी सासूबाईंकडे पाहिले. त्या एका हाताने कठडा आणि दुसऱ्या हाताने दादांचे मनगट धरून बसल्या होत्या. नाडी मोजत होत्या की काय, कोण जाणे!

एवढ्यात तांडेल ओरडला. डावीकडच्या आमिषामागे पाण्यात काळसर-निळी लांब सावली आली. पाठीवरचा पर क्षणभर वर आला, चोच आमिषाला शिवली आणि सावली खाली गेली. मार्लिन. तो गळाला लागला नाही. पाचेक मिनिटे कुणी हलले नाही.

तांडेलाने घड्याळ पाहिले आणि माझ्याकडे वळून विचारले, परतायचे का? आम्ही सगळ्यांनी सासूबाईंकडे पाहिले. त्यांनी डोक्यावरचा पदर घट्ट केला आणि म्हणाल्या, "त्याला विचार, अजून तासभर राहण्याचे किती घेईल."