दिंडीच्या ट्रकातली गॅसची टाकी

ज्येष्ठ निम्मा सरला की गावोगावच्या दिंड्यांची बांधाबांध सुरू होते. तंबू, सतरंज्या, पिठाची पोती, तेलाचे डबे, पाण्याच्या टँकरची ठरवाठरव. याद्या होतात, वर्गणी गोळा होते. यादीत एक ओळ असते, ‘गॅसच्या टाक्या ४’, आणि टाकीचा विषय तिथेच संपतो. आळंदीहून माउलींची पालखी निघाली की पंढरपूर गाठेपर्यंत साधारण १८-२० दिवस लागतात. तेवढे दिवस पहाटेचा चहा, दुपारचं आणि रात्रीचं जेवण सगळं त्या टाक्यांवर. चालून पाय सुजलेली माणसं मुक्कामी येतात तेव्हा त्यांना गरम जेवण हवं असतं, आणि ते करायला ट्रकने पुढे गेलेल्या असतो आपण. म्हणून आज टाकीबद्दल बोलू. आत गॅस किती उरलाय हे ओळखायचं कसं, आणि ट्रकातून ती न्यायची कशी.

आधी टाकी कोणती घ्यायची ते. घरच्या जोडणीची १४.२ किलोची लाल टाकी ही घरच्या स्वयंपाकासाठी दिलेली असते. खानावळीला, धंद्याला ती वापरायची नाही असा नियम आहे. दिंडीत पन्नास-साठ पानं उठतात, तिथे १९ किलोची व्यावसायिक टाकी घ्यावी. नुसत्या चहासाठी ५ किलोची छोटी टाकी सोयीची पडते. आणखी एक, परवाना नसताना एका जागी १०० किलोपेक्षा जास्त गॅस ठेवता येत नाही. म्हणजे १९ किलोच्या भरलेल्या पाचच टाक्या. जास्त लागणार असतील तर वाटेत भरून घेण्याची सोय निघण्याआधीच एजन्सीत आणि तहसीलच्या पुरवठा शाखेत विचारून ठेवा. ऐनवेळी लोणंदला नाहीतर नातेपुत्याला पोचून अनोळखी दुकानात “माउली, एक टाकी द्या की” म्हणत उभं राहण्यापेक्षा ते बरं.

आता मुख्य मुद्दा. आपल्यापैकी बहुतेक जणी जाळावरून अंदाज करतात. जाळ बारीक झाला, पातेल्याखाली लागेना, की “संपली गं टाकी, दुसरी लाव.” पण मोठ्या भट्टीच्या बाबतीत हा अंदाज पुष्कळदा चुकतो, आणि त्याचे पैसे आपल्याच वर्गणीतून जातात.

टाकीत गॅस वायूच्या रूपात भरलेला नसतो. प्रोपेन आणि ब्युटेन दाबाखाली पातळ करून भरलेले असतात. टाकी हलवली की आत डुचमळतं ते हेच. रेग्युलेटर उघडला की या पातळ गॅसाची वाफ होते आणि ती वाफ नळीतून भट्टीला जाते. वाफ व्हायला उष्णता लागते, आणि ती उष्णता टाकीच्या पत्र्यातून ओढली जाते. माठाचं पाणी गार का होतं? बाहेर झिरपलेल्या पाण्याची वाफ होताना ती माठाची ऊब घेऊन जाते. टाकीचंही तसंच. घरच्या शेगडीला गॅस थोडा लागतो, त्यामुळे हे कळत नाही. पण मोठ्या भट्टीवर भाताचं तपेलं, शेजारी आमटी, असं तासन्‌तास चाललं की टाकी गार पडत जाते. बाहेरून दव धरतं, कधी खालच्या अंगाला पांढरं हिंवही दिसतं. टाकी गार झाली की वाफ कमी होते, दाब उतरतो आणि जाळ मंदावतो. गॅस मात्र आत असतो. तीन-चार किलोसुद्धा असू शकतो.

अशी टाकी ‘रिकामी’ म्हणून परत केली तर तो गॅसही परत गेला. चार टाक्यांत चार-चार किलो गेला तर सोळा किलो झाला, जवळजवळ एक अख्खी टाकी.

जाळ मंदावला तर ती टाकी बंद करून बाजूला ठेवा, तास-दोन तासांत ती बाहेरच्या हवेने पुन्हा उबदार होईल. मग तिच्यावर चहा किंवा दुधासारखं हलकं काम करा. दोन टाक्या आलटून पालटून लावल्या, सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरी, तर हा प्रश्न बराचसा येतच नाही.

पण घाईच्या वेळी काही जणी भलते उपाय करतात. टाकी गरम पाण्याच्या घमेल्यात ठेवायची, चुलीजवळ सरकवायची, नाहीतर आडवी पाडायची. यातलं एकही करू नका. टाकी काठोकाठ भरलेली नसते, पातळ गॅस तापून फुगला तर त्याला जागा हवी म्हणून वर थोडी मोकळी जागा सोडतात. आगीची धग लागली तर ती जागा पुरत नाही आणि दाब भलताच वाढतो. आडव्या टाकीची गंमत तर अजून वाईट. उभ्या टाकीतून वाफ बाहेर येते, आडवीतून पातळ गॅसच नळीत उतरतो. पातळ गॅसाचा वायू झाला की तो सुमारे अडीचशे पट जागा घेतो. भट्टीवर एवढा गॅस एकदम आला तर जाळ कुठवर उठेल याचा विचार करा.

बाजारात दाबाचा काटा असलेले रेग्युलेटर मिळतात. त्या काट्यावरून गॅस किती उरला ते कळत नाही. आत एक लिटर पातळ गॅस असो की वीस लिटर, हवा सारखी असेल तर दाब सारखाच राहतो. शेवटचा थेंब संपत आला की मग काटा एकदम पडतो. मोटारसायकलच्या पेट्रोलच्या काट्यासारखं त्याच्याकडे बघू नका. ओल्या फडक्याची युक्तीही तुम्हाला ठाऊक असेल. टाकी चालू असताना ओल्या फडक्याने पुसायची. जिथवर गॅस आहे तिथवर पत्रा गार म्हणून ओल उशिरा सुकते, वरचा भाग आधी सुकतो. युक्ती खरी आहे, उन्हाळ्यात घरी चांगली चालते. आषाढाच्या दमट हवेत मात्र काहीच लवकर सुकत नाही, तिथे टाकी तरी कशी सुकेल?

खरं सांगतो तो फक्त वजनकाटा. कांदे-बटाटे मोजायचा लटकता काटा ५० किलोपर्यंतचा असला की काम झालं. टाकीच्या वरच्या कड्यावर किंवा कडं धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांवर रिकाम्या टाकीचं वजन कोरलेलं असतं. प्रत्येक टाकीचं वेगळं असतं, म्हणून एकीचा आकडा दुसरीला लावू नका. समजा तो १८.६ आहे. भरलेली टाकी मग ३७.६ भरली पाहिजे. घेतानाच मोजून घ्या, वजन करून मागणं हा आपला हक्क आहे आणि त्यात कुणाचा अपमान होत नाही. पहिल्या दिवसाचा सगळा स्वयंपाक उरकल्यावर तीच टाकी ३४ किलो भरली तर दिवसाला ३.६ किलो गॅस लागला. वीस दिवसांना ७२ किलो. चार टाक्यांत ७६ किलो असतो, म्हणजे पुरेल, पण जेमतेम. एकादशीच्या फराळाला किती लागतो, भाकरी असली की किती वाढतो, हे दोन-तीन दिवस मोजलं की आपसूक कळतं. पुण्याच्या मुक्कामात हा हिशेब बसवून टाका, म्हणजे दिवेघाट चढून सासवडला जाताना मनात धाकधूक नको. वजन खडूने टाकीवरच लिहावं, तारखेसकट. वही पावसात भिजते, शिवाय ती नेमकी हवी तेव्हा सापडत नाही.

आता ट्रक. टाकी नेताना रेग्युलेटर काढायचा, तोंडाला टोपी घट्ट बसवायची, टाकी उभीच ठेवायची आणि हौद्याच्या बाजूला दोराने आवळून बांधायची. घाटाच्या वळणावर सुटलेली टाकी कुणाच्या पायावर येईल सांगता येत नाही. वरून ताडपत्री पूर्ण झाकून टाकू नका, वारा खेळू द्या. हा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळाला तर वर उडून जात नाही, हौद्याच्या तळाशी, सतरंज्यांच्या खाली साचून राहतो. म्हणून टाक्यांच्या शेजारी कुणी झोपू नये. पाऊस आला म्हणून आपण मुलांना घेऊन ट्रकात शिरतो, तेव्हा आधी टाक्या खाली उतरवून घ्या. तंबूतही तेच. पावसाची झड आत येते म्हणून चारी बाजू बंद करून भट्टी पेटवू नका. वाऱ्याच्या विरुद्धच्या दोन बाजू तरी उघड्या हव्यात, नाहीतर जळलेल्या हवेचा विषार आतच कोंडतो आणि त्याला वास नसतो.

नळी तारेची, नारंगी, छापाची घ्या आणि पाच वर्षांनी बदला. रोज तंबू बदलताना ती ओढली जाते, दुमडली जाते, म्हणून घरच्यापेक्षा तिच्यावर जास्त नजर हवी. टाकी लावल्यावर जोडावर साबणाचं पाणी लावा, बुडबुडा आला तर गळती आहे. काडी पेटवून बघू नका. टाकीच्या पट्टीवर आतून एक इंग्रजी अक्षर आणि वर्षाचे दोन आकडे असतात. ‘ए’ म्हणजे मार्चपर्यंत, ‘बी’ जूनपर्यंत, ‘सी’ सप्टेंबरपर्यंत, ‘डी’ डिसेंबरपर्यंत. ‘बी-२७’ असेल तर जून २०२७ पर्यंत तिची तपासणी व्हायला हवी. तारीख उलटलेली टाकी घेऊच नका.

वास आलाच तर आधी सगळ्या भट्ट्या, उदबत्त्या, कंदील विझवा. ट्रक चालू करायचा नाही, दिव्याचं बटण दाबायचं नाही. रेग्युलेटर बंद करून काढा, टोपी लावा, टाकी उभीच उचलून माणसांपासून लांब उघड्यावर न्या. मग दूर जाऊन १९०६ या क्रमांकावर फोन करा. हा गॅसगळतीचा मदतक्रमांक आहे. तो ट्रकच्या फाळक्यावर आतल्या बाजूला मोठ्या अक्षरांत रंगवून घ्या, स्वयंपाकाच्या सगळ्या जणींना दिसेल असा.

राम कृष्ण हरी.