वांग गेला, तरी मलम कोणतं चालू ठेवायचं?

गालांवर, कपाळावर, वरच्या ओठावर तपकिरी डाग उमटतात, त्यांना आपण वांग म्हणतो. गरोदरपणात किंवा गर्भनिरोधक गोळ्या घेताना तो अनेकींना होतो. पुरुषही सुटत नाहीत. उपचारांनी डाग फिकट होतात, पण मेलॅनिन बनवणाऱ्या पेशी तशाच चपळ राहतात. उन्हात चार दिवस काढले की वांग परततो. म्हणून रक्तदाबासारखाच तो ‘बरा करायचा’ नव्हे, तर ताब्यात ठेवायचा आजार.

1975 मध्ये अमेरिकी त्वचातज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांनी हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड एकत्र करून लेप सुचवला. तिहेरी मलमांचा पाया तोच. मात्र हे मलम मोजक्या आठवड्यांपुरतं असतं. स्टेरॉइड रेटत राहिलं तर त्वचा पातळ होते, चेहरा लाल पडतो, पुरळ येतं. हायड्रोक्विनोन वर्षानुवर्षं लावल्यास निळसर-काळे, हट्टी डाग पडू शकतात.

त्यामुळे डाग उजळल्यावर डॉक्टर सौम्य औषधांकडे वळतात: ॲझेलिक ॲसिड किंवा रात्री लावायचं रेटिनॉइड. गरोदरपणात रेटिनॉइड मात्र टाळतात.

खरा आधार सनस्क्रीनचा. वांग केवळ अतिनील किरणांनी नव्हे, डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशानेही गडद होतो, आणि हा प्रकाश खिडकीच्या काचेतून सहज आत येतो. त्याला अडवायला आयर्न ऑक्साइड असलेलं, त्वचेच्या रंगाचं सनस्क्रीन हवं. ते ढगाळ दिवशीही लावावं, बाहेर असताना दर दोन तासांनी पुन्हा. मैत्रिणीच्या सांगण्यावरून आणलेलं ‘गोरं करणारं’ मलम मात्र दुकानातच राहू द्यावं.