सहा अमिनो आम्लांनी लावलेला शोध

१९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरात, ट्युलेन विद्यापीठाच्या वैद्यकीय प्रयोगशाळेत सिरिल बाउअर्स एका छोट्या रेणूमध्ये फेरफार करत होते. मूळ रेणू एन्केफॅलिन, म्हणजे मेंदूत तयार होणारं, वेदना शमवणारं पाच अमिनो आम्लांचं पेप्टाइड. त्यातला एखादा दुवा बदलून तयार केलेले काही कृत्रिम रेणू उंदरांच्या पीयूषिका ग्रंथीतल्या पेशींवर घातले, तर पेशी ग्रोथ हार्मोन सोडू लागत. मूळ रेणूचा वेदनाशामक गुण मात्र त्यांत उरलेला नव्हता. निसर्गात कुठेही नसलेल्या या रेणूंना पेशी प्रतिसाद देत होत्या, आणि का देतात हे कोणालाच सांगता येत नव्हतं. ते कळायला वीसेक वर्षं गेली.

आज या पेप्टाइडांची नावं बहुतेकांच्या कानावर पडतात ती व्यायामशाळेतल्या गप्पांतून किंवा इंटरनेटवरच्या जाहिरातींतून. त्यांचं खरं मोल प्रयोगशाळेत आहे. शरीराची एक अख्खी यंत्रणा त्यांच्यामुळे उजेडात आली, आणि ती हकिकत जाहिरातीतल्या कुठल्याही दाव्यापेक्षा कितीतरी रंजक आहे.

शरीराची स्वतःची व्यवस्था

ग्रोथ हार्मोन हे १९१ अमिनो आम्लांचं प्रथिन. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीच्या पुढच्या भागात ते तयार होतं आणि रक्तात झटक्याझटक्याने सोडलं जातं. माणसात सगळ्यात मोठा झटका बहुधा रात्री, गाढ झोप लागल्यानंतर येतो. नर उंदरांत हे झटके साधारण सव्वातीन तासांनी येतात आणि मधल्या काळात रक्तातलं प्रमाण जवळजवळ शून्यावर उतरतं. म्हणून एका वेळी घेतलेल्या एकाच रक्तनमुन्यावरून या हार्मोनबद्दल फारसं काही सांगता येत नाही. संशोधकांना थोड्या थोड्या वेळाने, तासन्‌तास नमुने घ्यावे लागतात.

सोडा आणि थांबा, असे दोन्ही हुकूम वरून, मेंदूतल्या हायपोथॅलॅमसकडून येतात. थांबवणारं सोमॅटोस्टॅटिन १९७३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॉल्क इन्स्टिट्यूटमध्ये रॉजे गिलमँ यांच्या गटाला सापडलं. सोडायला लावणारं जीएचआरएच मात्र वर्षानुवर्षं हुलकावणी देत राहिलं, कारण हायपोथॅलॅमसमध्ये त्याचं प्रमाण अगदीच किरकोळ असतं. ते १९८२ मध्ये हाती लागलं, तेही मेंदूतून नाही. काही रुग्णांचे हातपाय आणि जबडा बेसुमार वाढत होता आणि मूळ दोष स्वादुपिंडातल्या गाठीत होता. ती गाठच हे पेप्टाइड भरमसाट प्रमाणात तयार करत होती. सॉल्कमधल्याच दोन गटांनी, एक गिलमँ यांचा आणि दुसरा वायली व्हेल व जाँ रिव्हिए यांचा, अशा गाठींमधून ते वेगळं केलं.

म्हणजे बाउअर्स यांची कृत्रिम पेप्टाइडं तयार झाली, तेव्हा ग्रोथ हार्मोन सोडायला लावणारं नैसर्गिक पेप्टाइडही कोणी पाहिलेलं नव्हतं. पुढे ते सापडलं आणि दोन्हींची रचना ताडून पाहिली, तर त्यांत काहीच साम्य निघालं नाही. तेव्हा गूढ आणखी वाढलं.

जीएचआरपी-६ : रेणूची घडण

पहिल्या पिढीतली पेप्टाइडं काचेच्या बशीतल्या पेशींवर चालत, जिवंत प्राण्यात टोचली की निष्प्रभ ठरत. फ्रँक मोमनी या रसायनशास्त्रज्ञाने अशा साखळ्या कमीत कमी ऊर्जेच्या कोणत्या आकारात दुमडतील याची गणितं मांडली आणि त्या आधारे नवे रेणू आखले. त्यातून १९८४ मध्ये जाहीर झालेलं जीएचआरपी-६ जिवंत प्राण्यातही काम करणारं निघालं.

त्याची साखळी अशी : हिस्टिडीन, डी-ट्रिप्टोफॅन, अॅलॅनिन, ट्रिप्टोफॅन, डी-फिनाइलअॅलॅनिन आणि लायसिन. दुसऱ्या आणि पाचव्या जागेवरचं ‘डी’ महत्त्वाचं आहे. आपल्या शरीरातली प्रथिनं ‘एल’ रूपातल्या अमिनो आम्लांची असतात आणि प्रथिनं तोडणारी विकरंही त्याच रूपाला सरावलेली असतात. ‘डी’ रूप म्हणजे त्याच अमिनो आम्लाची आरशातली प्रतिमा, तिथे विकरांचं सहसा काही चालत नाही. त्यामुळे साखळी लवकर तुटत नाही, आणि तिला हवा तसा बाकही मिळतो. ग्रोथ हार्मोनचं वजन सुमारे २२,००० डाल्टन, तर त्याला बाहेर काढणाऱ्या या रेणूचं जेमतेम ८७३.

ही साखळी विणायची पद्धत रॉकफेलर संस्थेतल्या ब्रूस मेरिफिल्ड यांची, १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेली. तिच्यासाठी त्यांना १९८४ चं नोबेल पारितोषिक मिळालं. पद्धत उलटीकडून चालते. शेवटचं अमिनो आम्ल, म्हणजे इथे लायसिन, रेझिनच्या बारीक मण्यांना चिकटवायचं. मग एकेक अमिनो आम्ल जोडत हिस्टिडीनपर्यंत यायचं. प्रत्येक पायरीनंतर उरलेली रसायनं धुऊन टाकायची. तांदूळ धुताना पाणी ओतून टाकतो आणि दाणे तळाशी राहतात, तसेच साखळी धरलेले मणी भांड्यात राहतात आणि नको ते वाहून जातं. शेवटी तीव्र आम्लाने साखळी मण्यांपासून सोडवायची, द्रव-क्रोमॅटोग्राफीने शुद्ध करायची, वस्तुमान-वर्णपटमापीवर तिचं वजन तपासायचं आणि गोठवून कोरडी करायची. हाती येते ती पांढरी, हलकी भुकटी.

पेशींना प्रश्न कसा विचारतात

पेप्टाइड खरंच काम करतं का, हे पाहण्याची जुनी आणि अजूनही भरवशाची पद्धत म्हणजे पीयूषिकेच्या पेशींचं संवर्धन. उंदरांच्या ग्रंथी काढून त्यांचे बारीक तुकडे करतात, विकरांच्या मदतीने पेशी सुट्या करतात आणि पोषक द्रवात बशीच्या तळाशी बसू देतात. पेशी काही दिवसांत सावरतात. मग जुना द्रव काढून, पेशी धुऊन, वेगवेगळ्या वाट्यांत पेप्टाइडचं वेगवेगळं प्रमाण घालतात. एका वाटीत काहीच घालत नाहीत, कारण पेशी आपल्या आपणही थोडं हार्मोन सोडतच असतात. ठरलेल्या वेळाने वरचा द्रव काढून त्यात किती ग्रोथ हार्मोन उतरलं ते मोजतात. हार्मोनची इतकी सूक्ष्म मात्रा मोजता येऊ लागली ती रेडिओइम्युनोअॅसे या तंत्रामुळे. ते विकसित करणाऱ्या रोझॅलिन यॅलो आणि नैसर्गिक संप्रेरकांचा माग काढणारे गिलमँ व अँड्र्यू शॅली, अशा तिघांना १९७७ चं नोबेल मिळालं.

याच प्रयोगांतून एक महत्त्वाची गोष्ट कळली. जीएचआरएच दिलं की पेशीत सायक्लिक एएमपी नावाचा निरोप्या रेणू वाढतो. जीएचआरपी-६ एकटं दिलं तर तसं होत नाही, त्याऐवजी पेशीच्या आतलं कॅल्शियम वाढतं. प्राण्यांत आणि माणसांत दोन्ही एकत्र दिली, तर मिळणारं हार्मोन दोघांच्या स्वतंत्र परिणामांच्या बेरजेपेक्षा जास्त भरतं. दोघांच्या वाटा वेगळ्या, तर दारंही वेगळी असणार. पेशीवर आणखी एक दार, म्हणजे रिसेप्टर, आहे आणि तो आपल्याला माहीत नाही, हा निष्कर्ष आता टाळता येत नव्हता.

उत्तर सापडलं जठरात

तो रिसेप्टर पकडला मर्क कंपनीच्या संशोधकांनी. पेप्टाइड तोंडाने घेतलं तर पोटात पचून जातं, म्हणून त्यांनी तेच काम करणारा, पण पेप्टाइड नसलेला आणि तोंडाने घेता येणारा एमके-०६७७ हा रेणू तयार केला होता. त्याच्या मदतीने १९९६ मध्ये त्यांनी डुक्कर आणि माणूस यांच्यातला हा रिसेप्टर ओळखला. आता रिसेप्टर होता, त्याच्यावर चालणारे कृत्रिम रेणू होते, आणि शरीरातला त्याचा मूळ संप्रेरक बेपत्ता होता.

तो शोधला जपानच्या मासायासू कोजिमा आणि केन्जी कांगावा यांनी. त्यांनी हा रिसेप्टर बसवलेल्या पेशी वाढवल्या आणि निरनिराळ्या अवयवांचे अर्क त्यांच्यावर घालून कॅल्शियम वाढतं का ते पाहिलं. सगळ्यांना अपेक्षा होती मेंदूची. सर्वांत जोरदार प्रतिसाद दिला उंदराच्या जठराच्या अर्काने! १९९९ मध्ये जाहीर झालेल्या या २८ अमिनो आम्लांच्या संप्रेरकाचं नाव ग्रेलिन. त्याच्या तिसऱ्या जागेवरच्या सेरिनला आठ कार्बनचं मेदाम्ल जोडलेलं असतं आणि ते काढून टाकलं की रिसेप्टर त्याला दाद देत नाही. अशी जोडणी तोवर दुसऱ्या कुठल्याही संप्रेरकात दिसलेली नव्हती.

पुढच्याच वर्षी कळलं की ग्रेलिनने उंदरांची भूक आणि चरबी वाढते. जीएचआरपी-६ दिल्यावर भूक का लागते, याचाही उलगडा त्यातून झाला. माणसाने प्रयोगशाळेत जुळवलेल्या सहा दुव्यांमुळे आधी रिसेप्टर सापडला आणि मग जठर व मेंदू यांच्यातला एक संवाद कळला. मला या सगळ्या कथेतला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो.

दोन घराणी

बाजारात आणि शोधनिबंधांत भेटणारी बहुतेक नावं दोन गटांत बसतात. पहिला गट जीएचआरएचच्या नकलांचा. मूळ ४४ पैकी पहिली २९ अमिनो आम्लं पुरेशी असतात, आणि तेवढा तुकडा म्हणजे सर्मोरेलिन. अडचण अशी की डीपीपी-४ हे विकर या साखळीची पहिली दोन अमिनो आम्लं छाटतं आणि काही मिनिटांत ती निकामी होते. त्यावर तोडगे निघाले. टेसामोरेलिनमध्ये साखळीच्या सुरुवातीला छोटं मेदाम्ल बसवलं आहे. सीजेसी-१२९५ रक्तातल्या अल्ब्युमिनला घट्ट जोडून घेतं आणि त्यामुळे ते माणसात आठवडाभराच्या घरात टिकतं.

दुसरा गट ग्रेलिनच्या रिसेप्टरवर चालणाऱ्यांचा, म्हणजे जीएचआरपी-६, जीएचआरपी-२, हेक्सारेलिन आणि इपामोरेलिन. यातली पहिली काही पेप्टाइडं ग्रोथ हार्मोनबरोबर कॉर्टिसॉल आणि प्रोलॅक्टिनही थोडंफार वाढवतात. नोव्हो नॉर्डिस्कच्या संशोधकांनी १९९८ मध्ये मांडलेलं इपामोरेलिन प्राण्यांवरच्या प्रयोगांत कॉर्टिसॉलला जवळजवळ हात न लावणारं ठरलं.

रुग्णापर्यंत काय पोचलं

थोडंच पोचलं. टेसामोरेलिनला अमेरिकेत २०१० मध्ये मान्यता मिळाली, ती एचआयव्हीबाधितांच्या पोटात साठणाऱ्या चरबीसाठी. जपानमध्ये जीएचआरपी-२ निदानासाठी वापरतात : पेप्टाइड टोचायचं आणि पीयूषिका पुरेसं हार्मोन सोडते का ते पाहायचं. तोंडाने घ्यायचं मॅसिमोरेलिन याच कामासाठी २०१७ मध्ये अमेरिकेत मान्य झालं.

उपचाराच्या मोठ्या आशा मात्र पुऱ्या झाल्या नाहीत. एमके-०६७७ ची दोन वर्षांची एक चाचणी ६० ते ८१ वर्षांच्या ६५ निरोगी लोकांवर झाली आणि तिचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. ग्रोथ हार्मोन वाढलं, चरबी सोडून उरणारं शरीराचं वजन पहिल्या वर्षात सरासरी १.१ किलोने वाढलं. ताकद वाढली नाही, आणि उपाशीपोटीची रक्तातली साखर डेसिलिटरमागे सरासरी ५ मिलिग्रॅमने चढली. कर्करोगात खंगणाऱ्या रुग्णांना दिलेल्या अॅनामोरेलिनचंही तसंच झालं. वजन वाढलं, हाताच्या पकडीत फरक पडला नाही. युरोपने २०१७ मध्ये ते नाकारलं, जपानने २०२१ मध्ये स्वीकारलं. पेशीने हार्मोन सोडलं हे बशीत दाखवता येतं, पण माणसाचं बरं झालं हे दाखवायला वेगळा पुरावा लागतो. जाहिराती नेमक्या या दोन पायऱ्यांमधलं अंतर गिळून टाकतात.

बाटलीवरची सूचना

इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या बाटल्यांवर बहुधा ‘फक्त संशोधनासाठी’ असं छापलेलं असतं. ही सूचना अक्षरशः घ्यायला हवी. ९८ टक्के शुद्ध म्हणजे क्रोमॅटोग्राफीवर दिसणाऱ्या पेप्टाइडांपैकी ९८ टक्के हवं ते आहे, एवढंच. भुकटीत पाणी आणि आम्लाचे उरलेले क्षारही असतात, त्यामुळे ५ मिलिग्रॅम भुकटीत पेप्टाइड त्याहून बरंच कमी असू शकतं. प्रयोगशाळेत काम करणारे हा हिशेब आधी करतात आणि मगच द्रावण बनवतात. भुकटी निर्जंतुक आहे किंवा तिच्यात जिवाणूंची विषं नाहीत, हे त्या टक्केवारीतून कळत नाही. अशा विषाचा अंश पेशींचा प्रयोग बिघडवतो, आणि शिरेतून किंवा कातडीखाली गेला तर माणसाला ताप आणू शकतो.

खेळाडूंनी तर या वाटेला जाऊच नये. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या यादीत हे दोन्ही गट बंदी घातलेल्यांत आहेत, स्पर्धा असो वा नसो. तेच नियम आपल्याकडे राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्था लागू करते. कोल्हापूरच्या तालमीतला पैलवान राष्ट्रीय पातळीवर उतरला की त्याचीही तपासणी होऊ शकते, आणि या पेप्टाइडांचे तुटलेले तुकडे लघवीत ओळखण्याच्या पद्धती प्रयोगशाळांकडे आहेत.