स्थूल सायकलस्वार आणि जर्मनीचा हिवाळा

सायकलस्वाराला लागणारा वारा निम्मा निसर्गाचा असतो. उरलेला निम्मा त्याने स्वतःच उत्पन्न केलेला असतो. हवा अगदी स्तब्ध असली आणि पारा शून्य अंशावर असला, तरी ताशी २० किलोमीटरांच्या गतीने जाणाऱ्या माणसाच्या उघड्या कातडीला सुमारे उणे ५ अंशांची थंडी भासते, असे हवामानशास्त्राचे कोष्टक सांगते. क्युरपीपच्या जुलै महिन्यातील झोंबऱ्या वाऱ्यात ज्यांचे दात वाजले आहेत, त्यांनाही या थंडीची पुरती कल्पना यावयाची नाही. डिसेंबरच्या अखेरीस बर्लिनमध्ये सूर्य सव्वाआठच्या सुमारास उगवतो आणि दुपारी चार वाजण्यापूर्वीच मावळतो. म्हणजे कामावर जाणारा माणूस जातानाही अंधारात व परततानाही अंधारातच असतो.

तरीही जर्मन माणूस सायकल सोडत नाही. ज्या देशात १८१७ सालच्या १२ जून रोजी कार्ल ड्राइस यांनी मानहाइम येथे आपले दुचाकी यंत्र प्रथम रस्त्यावर आणले, त्या देशात आज सायकलींची संख्या ८ कोटींहून अधिक, म्हणजे जवळजवळ माणसागणिक एक इतकी आहे. म्युन्स्टर शहरात तर जुन्या तटबंदीच्या जागी लिंडेन वृक्षांच्या सावलीतून जाणारा सुमारे साडेचार किलोमीटरांचा वर्तुळाकार रस्ता सायकलींना राखून ठेवलेला आहे. कपडे योग्य असले म्हणजे हवा वाईट नसते, अशा अर्थाची एक म्हण तेथील आया आपल्या मुलांना ऐकवीत असतात. म्हण मोठी शहाणपणाची खरी. पण ती रचणाऱ्याला आपल्या अंगाचे कपडे दुकानात मिळत असले पाहिजेत, हे उघड आहे.

कारण ज्याची छाती ११६ सेंटिमीटर, पोट तितकेच किंवा थोडे अधिक आणि उंची मात्र १६५ सेंटिमीटर आहे, असा गृहस्थ हिवाळ्याच्या तोंडावर सायकलीचे जॅकेट घ्यावयास निघाला, तर त्याचा अनुभव निराळा असतो. महाराष्ट्रातून आणि मॉरिशससारख्या बेटांतून तिकडे गेलेल्या पुष्कळ मंडळींची अंगकाठी अशीच असते. आणि स्वतः जर्मन लोकांतही निम्म्याहून अधिक प्रौढ माणसे वैद्यकीय मापाने वजनदारांतच मोडतात. गिऱ्हाईक थोडे आहे म्हणून माल नाही, असे म्हणावयास जागा नाही. जॅकेट छातीवर बसते, तर पोटावर झिप लागत नाही. पोटावर लागेल असे घ्यावे, तर बाह्या बोटांच्या टोकांपर्यंत येतात आणि खांद्याची शिवण दंडावर उतरते. वैद्याने सांगितले म्हणून उन्हाळ्यात उत्साहाने सायकलीवर बसलेला असा माणूस ऑक्टोबरमध्ये ती तळघरात नेऊन ठेवतो आणि पुन्हा बसने जाऊ लागतो. वजन उतरविण्यासाठी जे साधन हाती घेतले, ते वजनामुळेच हातचे जावे, हा मोठा विपरीत न्याय आहे.

हे घडते कसे, हे समजण्यासाठी मापांच्या तक्त्याकडे वळले पाहिजे. तयार कपड्यांचा धंदा जर्मनीत एकोणिसाव्या शतकात वाढला, आणि त्याचे माहेरघर म्हणजे बर्लिनमधील हाउसफोग्टाइप्लाट्झ हा चौक व त्याच्या भोवतालच्या गल्ल्या. हेर्मान गेर्सोन, व्हालेंटीन मानहाइमर यांसारख्या ज्यू व्यापाऱ्यांनी तेथे मोठमोठ्या पेढ्या उभारल्या. १९३३ नंतर नाझी राजवटीने या पेढ्या बळकावल्या आणि त्यांचे मालक देशोधडीस लागले, काही प्राणांसही मुकले. त्यांचे एक स्मारक २००० साली त्याच चौकात उभारण्यात आले. या धंद्याला जर्मन भाषेत 'कोन्फेक्त्सिओन' म्हणतात, आणि कपड्यावरील मापाच्या आकड्यालाही आजतागायत त्याच धंद्याचे नाव आहे.

हा आकडा मोठा सोयीचा आहे. पुरुषाच्या छातीचा घेर निम्मा करावयाचा, की माप झाले : छाती १०० तर माप ५०, छाती ११६ तर माप ५८. परंतु खरी मौज पुढे आहे. माणूस बुटका व रुंद असेल तर त्या आकड्याचेही निम्मे करतात. म्हणजे ५० च्या जागी २५ आणि ५८ च्या जागी २९. उंच व सडपातळ माणसासाठी ९४, ९८, १०२, १०६ असे मोठे आकडे असतात, आणि पोट सुटलेल्यांसाठी ५१, ५३, ५५ असे विषम आकडे राखून ठेवलेले असतात. स्त्रियांच्या कपड्यांतही हीच युक्ती आहे : ३८ हे मधले माप, बुटक्या स्त्रीसाठी १९, उंच स्त्रीसाठी ७६. माणसे एकाच साच्याची नसतात, ती चहूबाजूंनी निरनिराळी वाढतात, ही गोष्ट या साध्या अंकगणितात मान्य केलेली आहे. जर्मन कारकुनी शिस्तीची थट्टा पुष्कळ होते. पण एखाद्या ठेंगण्या, गोल माणसाला कोट मिळावा म्हणून स्वतंत्र आकडा योजणे हे त्याच शिस्तीचे एक मायाळू रूप आहे.

सायकलीच्या कपड्यांवर हे आकडे बहुधा आढळत नाहीत. तेथे एस, एम, एल, एक्सएल ही अक्षरे चालतात, आणि अक्षराला फक्त रुंदी कळते. युरोपीय मानक समितीने २००४ साली केलेल्या तक्त्यात पुरुषांचे एक्सएल म्हणजे ११० ते ११८ सेंटिमीटर छाती असे ठरविले होते. तथापि, तो तक्ता पाळण्याचे बंधन कोणावर नव्हते आणि शर्यतींच्या परंपरेतून आलेले कारखानदार आपले एक्सएल त्याहून पुष्कळच आखूड कापतात. इटालियन कापाचा कपडा एक-दोन मापे मोठा घ्यावा, हे तर दुकानदार स्वतःच सांगतात. सायकलीचा खास पोशाख मुळात शर्यतीच्या खेळाडूंसाठी निघाला. त्यांचे पोट पाठीला लागलेले असते आणि वाऱ्याला अडथळा होऊ नये म्हणून त्यांचा कपडा अंगाला चिकटलेला असावा लागतो. त्यांच्याच कागदी साच्याला सर्व बाजूंनी सारखे अंतर वाढवीत नेले की तीन-चार एक्सची मापे तयार होतात. पण माणूस असा सर्व बाजूंनी सारखा वाढत नाही. पोटाचा घेर २० सेंटिमीटरांनी वाढला म्हणून हात लांब होत नाहीत किंवा मान त्याच प्रमाणात जाड होत नाही. मोठ्या मापांसाठी नवा साचा काढावा लागतो, आणि त्याचा खर्च करण्याची पुष्कळांची तयारी नसते.

त्यात सायकलीवरील बैठकीची आणखी एक अडचण. हँडलकडे झुकलेल्या माणसाची पाठ लांब होते आणि पोट दुमडते. म्हणून जॅकेट मागून लांब, पुढून आखूड आणि बाह्यांना जरा जास्त लांबीचे हवे. दुकानातील आरशासमोर ताठ उभे राहून जे छान दिसते, ते रस्त्यावर कमरेवरून वर सरकते आणि नेमक्या मणक्याच्या टोकाला गार वारा लागतो.

अंगांची खरी मापे उपलब्ध नाहीत, अशी सबब मात्र सांगता येत नाही. २००७ ते २००९ या काळात बोनिगहाइम येथील होहेनश्टाइन संस्थेने दुसऱ्या एका संस्थेच्या सहकार्याने जर्मनीभर १३,३६२ पुरुष, स्त्रिया व मुले यांची शरीरे प्रकाशकिरणांच्या यंत्राने मोजली. १९९४ च्या मोजणीशी ताडून पाहता स्त्रियांची कंबर सरासरीने सुमारे ४ सेंटिमीटरांनी वाढलेली आढळली. येथे एका मराठी विदुषीची आठवण होणे स्वाभाविक आहे. इरावती कर्वे १९२७ ते १९३० या काळात बर्लिनला मानवशास्त्र शिकत होत्या, आणि त्यांनीही मापेच घेतली — माणसांच्या कवट्यांची. कवटीच्या आकारावरून वंशाची उच्चनीचता शोधणाऱ्या त्या काळच्या विद्वानांना हवा होता तो निष्कर्ष त्यांच्या मोजमापांतून निघाला नाही, आणि त्यांनी तो काढलाही नाही. माप घेणे निराळे आणि मोजलेल्याला कमी लेखणे निराळे, हा भेद त्यांनी तेथे राखला. कपड्यांच्या दुकानात तो नेहमी राखला जातोच असे नाही. मोठ्या मापांना पूर्वी सर्रास 'यूबरग्योसे', म्हणजे मापाबाहेरचे, असे म्हणत. आता बहुतेक ठिकाणी 'ग्रोसे ग्योसन', म्हणजे नुसती मोठी मापे, अशी पाटी दिसते. बदल लहानसा असला तरी दुकानात शिरणाऱ्या माणसाला तो जाणवतो.

आता हे कपडे मिळतात कोठे? सर्वसाधारण पोशाखाच्या मोठ्या मापांसाठी म्यूनिकच्या हिर्मर या पेढीची खास पुरुषांची दुकाने आहेत, आणि राष्टेडे गावची उल्ला पोपकेन ही पेढी स्त्रियांसाठी ४२ मापापासून पुढे कपडे विकते. सायकलीच्या कपड्यांत श्वाबियाच्या डोंगराळ भागातील आल्बश्टाट येथे उदयास आलेल्या गोन्झो या छापाने रुंद अंगाच्या गिऱ्हाइकांकडे विशेष लक्ष पुरविले आहे. आल्बश्टाटचा परिसर हा मूळचाच विणकरांचा. तेथील टाइलफिंगेनमध्ये विणलेल्या गंजिफ्रॉकांच्या उद्योगाचे संग्रहालय आहे. लोकरीचा कपडा थेट अंगालगत घालावा, हा विचारही त्याच प्रांतातला. श्टुटगार्टचे प्राणिशास्त्रज्ञ गुस्टाव्ह येगर यांनी १८८० च्या सुमारास त्याचा इतका हिरिरीने प्रचार केला की, सुती कपडा म्हणजे त्यांना जणू विषच वाटू लागले. ती अतिशयोक्ती सोडून दिली तरी थंडीतल्या सायकलस्वारापुरते येगर बरोबर होते. लोकर आपल्या वजनाच्या सुमारे ३० टक्के ओल पोटात घेऊनही ओली लागत नाही. सुती बनियन मात्र घामाने भिजले की अंगावर बर्फाची पट्टी ठेवल्यासारखे होते.

लोकरीची गोष्ट मॉरिशसच्या वाचकाला परकी नाही. १९७० च्या निर्यात कायद्यानंतर फ्लोरेआल व इतर ठिकाणी स्वेटर विणण्याचे कारखाने निघाले, आणि गिरमिटियांच्या नाती-पणत्यांनी तेथे युरोपच्या थंडीसाठी लोकर विणली. मापाच्या चिठ्ठ्या गळ्याशी शिवताना ज्यांच्या हाताखालून अक्षरे गेली, त्यांच्यापैकी कित्येकींची मुले-नातवंडे आता युरोपात ती अक्षरे गिऱ्हाईक म्हणून चाचपीत आहेत. त्याहूनही मागे जावयाचे, तर केपला वळसा घालून वेस्ट इंडीजकडे जाणाऱ्या गिरमिटियांना जहाजावर लोकरी कपडे आणि तांबडी लोकरी टोपी मिळत असे. १८७७ साली त्रिनिदादला गेलेल्या 'शीला' जहाजाच्या कप्तानाने तसे लिहून ठेवले आहे. वाटपाच्या कपड्यात अंगानेच कपड्याशी जुळवून घ्यावयाचे असते.

जाणकारांचा सल्ला असा की, एकच जाड कपडा शोधीत बसू नये, तीन थर करावेत. अंगालगत लोकरीचा किंवा घाम बाहेर टाकणाऱ्या धाग्याचा पातळ सदरा. त्यावर ऊबदार विणलेला थर. सर्वांत वर वारा अडविणारे जॅकेट, ज्याची छाती दाट पण पाठ श्वास घेणारी असेल. मधला थर सायकलीसाठीच शिवलेला असण्याची मुळीच गरज नाही. तो मोठ्या मापांच्या कोणत्याही दुकानातून घ्यावा, म्हणजे अर्धा शोध तेथेच संपतो. विजार खांद्यावरून पट्टे असलेली घ्यावी. कमरेचे इलॅस्टिक पुढे वाकल्यावर पोटात रुतते, आणि पट्ट्यांच्या विजारीला ते लागतच नाही. टपालाने माल मागविल्यास युरोपीय कायद्याप्रमाणे १४ दिवसांच्या आत तो परत करता येतो. म्हणून अनुभवी मंडळी दोन मापे मागवितात, घरातच सायकलीवर बसून पाहतात आणि न बसलेले परत पाठवितात.

पावसासाठी तर माप नसलेलेच वस्त्र उत्तम. हँडलपर्यंत पसरणारी सैल टोपीदार केप जर्मनीत जुन्या काळापासून सायकलस्वार वापरीत आले आहेत. देशावरचा धनगर जिच्या आधाराने पावसात उभा राहतो ती घोंगडीची खोळ, किंवा उसाच्या मळ्यात मजुरांनी डोक्यावरून घेतलेले गोणपाट, यांचीच ती बहीण म्हणावयाची. तिच्यात खालून हवा खेळते, घाम कोंडत नाही आणि पोटाची चौकशी कोणी करीत नाही. वाऱ्यात ती शिडासारखी फुगते, एवढाच तिचा दोष. म्हणून तिच्या आतून अंगठ्यात अडकविण्याचे बंद असावेत.

स्त्रियांची अडचण पुरुषांहून अधिक बिकट आहे. सायकलीच्या कपड्यांत त्यांची मापे पुष्कळदा ४४ च्या आसपासच संपतात आणि मग पुरुषांचे जॅकेट घ्यावे लागते, जे छातीवर ताणते, नितंबांवर अडते आणि खांद्यांवर लोंबते. अशा वेळी उपयोगी पडते ते गल्लीतले कपडे दुरुस्तीचे दुकान. १९६१ च्या करारानंतर तुर्कस्तानातून जे कामगार जर्मनीत आले, त्यांच्यापैकी अनेक कुटुंबांनी पुढे ही दुकाने चालविली, आणि आजही जवळपास प्रत्येक गावात असे एखादे असते. कारागीर जॅकेटच्या दोन्ही कुशींत कापडाची कळी घालून घेर वाढवितो, बाह्या आखूड करतो, जास्तीची झिप लावतो. मात्र ज्या जॅकेटच्या शिवणी आतून पट्टी चिकटवून पाण्याला बंद केलेल्या असतात, त्याला कात्री लावू नये. कापलेल्या शिवणीतून पाणी झिरपते. नुसते वारा अडविणारे जॅकेट न्यावे, सोबत तेच रंगाचे कापड न्यावे, आणि माप देताना खुर्चीवर बसून, हात पुढे हँडलावर असल्यासारखे धरून द्यावे.