विमानतळ आणि वाढते नगर



आजचा विषय कळल्यावर एका स्नेह्यांनी मला विचारले, "आंबिवलीच्या माणसाला विमानाशी काय कर्तव्य? त्याला सकाळची गाडी वेळेवर मिळाली, तिच्यात उभे राहण्यापुरती जागा मिळाली, म्हणजे पुष्कळ झाले!" प्रश्न थट्टेचा असला तरी रास्त आहे. आपल्यापैकी बहुतेकांना वर्षातून एकदाही विमानात पाऊल ठेवण्याचा प्रसंग येत नाही. तरीसुद्धा मी हा विषय निवडला. कारण विमानात बसणारे थोडे असले, तरी विमानतळामुळे ज्यांच्या जमिनीचा, घरभाड्याचा, रोजगाराचा आणि रस्त्याचा हिशेब बदलतो, असे लोक पुष्कळ असतात. त्यांत आपणही आहोत.

प्रथम थोडे मागे वळून पाहू. कल्याण हे नगर प्रत्येक युगात वाहतुकीच्या कोणत्या ना कोणत्या साधनावर वाढले आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवृत्तात कल्याण बंदराचा उल्लेख आहे आणि कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत इथल्या व्यापाऱ्यांनी दिलेल्या दानांची नोंद आहे. तोच 'पेरिप्लस' आणखी एक गोष्ट सांगतो: पुढे या बंदराच्या व्यापारावर निर्बंध आले, आणि इथे येणारी ग्रीक गलबते पहाऱ्यात भडोचला नेली जात. म्हणजे नगराची भरभराट बंदर असण्यावर अवलंबून असतेच, पण ते कोणासाठी उघडे आणि कोणाच्या हाती, यावर अधिक अवलंबून असते. ही गोष्ट ध्यानात ठेवा. आपल्याला शेवटी तिच्याकडेच यायचे आहे.

बंदरामागून आगगाडी आली. १८५३ साली ती ठाण्यापर्यंत धावली आणि १८५४ साली कल्याणला पोहोचली. इथे तिला दोन फाटे फुटले: एक भोरघाटाकडे, दुसरा थळघाटाकडे. या दुसऱ्या फाट्यावर शहाड आणि टिटवाळा यांच्या मध्ये आपली आंबिवली. जंक्शन झाले म्हणून कल्याण वाढले; लोहमार्ग, पाणी आणि मोकळी जमीन एकत्र मिळाली म्हणून मोहने येथे 'नॅशनल रेयॉन'सारखा मोठा कारखाना उभा राहिला आणि त्याच्या भोंग्यावर या परिसराचे घड्याळ चालू लागले. १९८३ साली कल्याण-डोंबिवली महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या घरात गेली.

आता आगगाडी आणि विमान यांतला मूळ भेद पाहा. आगगाडी वाटेत थांबत थांबत जाते. जिथे ती थांबते तिथे चार दुकाने होतात, चाळी उठतात, शाळा निघते. म्हणजे तिचा लाभ मार्गावर दाण्यांसारखा विखुरला जातो. विमानाला वाट अशी नसतेच. त्याला दोनच टोके असतात. त्यामुळे त्याचा सारा लाभ एका दाराशी गोळा होतो, आणि त्या दाराशी जो चटकन पोहोचू शकेल त्यालाच तो मिळतो. उलट त्याचा जाच, म्हणजे आवाज, उंचीची बंधने आणि जमिनीची ओढ, हा मात्र दाराबाहेर कित्येक मैल पसरतो.

हा जाच का उत्पन्न होतो, हे समजण्यासाठी विमानतळाची रचना थोडी जाणून घेतली पाहिजे. विमान वाऱ्याच्या समोर तोंड करून उडते आणि उतरते. समोरून येणाऱ्या वाऱ्यामुळे पंखांना उचल लवकर मिळते आणि धावपट्टी कमी लागते. म्हणून धावपट्टीची दिशा त्या ठिकाणचा वारा ठरवतो. धावपट्टीच्या टोकाला जो आकडा रंगवलेला असतो तो होकायंत्रातील अंशांचा दहावा भाग होय. मुंबईच्या मुख्य धावपट्टीवर एका टोकाला ०९ आणि दुसऱ्याला २७ आहे, म्हणजे ती पूर्व-पश्चिम आहे. उतरताना विमान साधारण तीन अंशांच्या उताराने खाली येते. हिशेब केला तर दर किलोमीटरला ते सुमारे बावन्न मीटर खाली सरकते. म्हणजे धावपट्टीपासून दहा किलोमीटर दूर असलेल्या घरावरून ते जेमतेम सव्वापाचशे मीटर उंचीवरून जाते. या वाटेत डोंगर, मनोरा किंवा उंच इमारत असून चालत नाही.

यातूनच उंचीचा नियम निघतो. आंतरराष्ट्रीय संकेतानुसार मोठ्या विमानतळाभोवती चार किलोमीटरपर्यंत पंचेचाळीस मीटरांची, म्हणजे सुमारे पंधरा मजल्यांची, मर्यादा असते. त्यापुढे ती हळूहळू चढत जाऊन दीडशे मीटरांच्या आसपास येते आणि पंधरा किलोमीटरपर्यंत तशीच राहते. ही उंची विमानतळाच्या पातळीपासून मोजतात. त्यामुळे टेकडावरच्या घराला मजले कमी मिळतात. विलेपार्ले आणि कुर्ला येथील जुन्या इमारतींचा पुनर्विकास वर्षानुवर्षे का अडला, याचे एक मोठे कारण हेच होय.

आता मुंबईचेच उदाहरण घेऊ. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूच्या मैदानावर उतरले. तिथून आपल्याकडील नियमित हवाई टपालसेवेचा आरंभ झाला. जुहूचे मैदान पावसाळ्यात पाण्याखाली जाई, तेव्हा विमानांना पुण्याचा आश्रय घ्यावा लागे. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सांताक्रूझचा तळ वाढला आणि युद्धानंतर तो नागरी विमानतळ झाला. त्या वेळी सांताक्रूझ मुंबईच्या वेशीबाहेर होते. पण रोजगार तिथे, रस्ता तिथे. म्हणून शहर तिथे गेले. विमानतळाने शहराला बोलावले आणि शहराने येऊन त्यालाच कोंडून टाकले. तिथे धावपट्ट्या दोन आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच कामास येते. तिच्यावर तासाला सुमारे शेचाळीस विमाने चढवण्या-उतरवण्याचे कसब तिथल्या लोकांनी साधले. पण जागाच नाही, तेथे कसब तरी किती पुरे पडणार?

म्हणून दुसरा विमानतळ हवा झाला. नवी मुंबईच्या विमानतळासाठी ११६० हेक्टर जागा घेण्यात आली. उलवे नदीचा प्रवाह वळवावा लागला, टेकडी सपाट करावी लागली, दहा गावे उठवावी लागली. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याचे उद्‌घाटन झाले आणि २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवासी विमाने सुटू लागली. पहिल्या टप्प्यात वर्षाला दोन कोटी प्रवाशांची सोय आहे.

या कामात एक धडा आहे. नवी मुंबई शहर वसवण्यासाठी १९७० पासून जमिनी घेतल्या गेल्या, तेव्हा शेतकऱ्याच्या हातावर ठेवलेला मोबदला फार तुटपुंजा होता. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९८४ साली उरण-जासई भागात आंदोलन झाले, गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले. त्यातून साडेबारा टक्के विकसित जमीन मूळ मालकाला परत देण्याचे तत्त्व पुढे मान्य झाले. विमानतळाच्या वेळी हे प्रमाण साडेबावीस टक्क्यांवर गेले. या तत्त्वाचा अर्थ असा की, जमिनीची आजची किंमत देऊन मालकाला वाटेला लावू नये. उद्या जी वाढ होणार तिच्यात त्याचा वाटा असावा. अंमलबजावणीत तक्रारी राहिल्या, पण तत्त्व खरे आहे.

याच्या उलट उदाहरण आपल्या अगदी जवळचे आहे. मलंगगडाच्या पायथ्याशी नेवाळी येथे ब्रिटिश सरकारने १९४२-४३ च्या सुमारास युद्धासाठी धावपट्टी बांधली. सोळाशे एकरांहून अधिक जमीन त्यासाठी घेतली. युद्ध संपले, विमाने गेली. शेतकरी पुन्हा नांगर धरून त्या जमिनीत उतरले. आमची जमीन युद्धापुरती घेतली होती, असे त्यांचे म्हणणे. जमीन संरक्षण खात्याची आहे, असे सरकारचे म्हणणे. नौदलाने कुंपण घालण्यास आरंभ केल्यावर जून २०१७ मध्ये हा वाद पेटला, वाहने जळली, शेतकरी आणि पोलीस दोघेही जखमी झाले. पाऊणशे वर्षांपूर्वी एका कागदावर दोन ओळी स्पष्ट लिहिल्या असत्या, जमीन कशासाठी, किती काळ आणि काम संपल्यावर कोणाची, तर हे रक्त सांडले नसते. मध्यंतरी, २०१० साली, नवी मुंबईच्या खारफुटीबद्दल पर्यावरण मंत्रालयाने शंका काढली तेव्हा पर्याय म्हणून कल्याणच्या याच जागेचे नाव पुढे आले होते. तो विचार मागे पडला. पण नुसते नाव निघाले तरी दलालांचे पाय गावाकडे वळतात, हे आपण पाहिले आहे.

आता कोणी म्हणेल, विमानतळ आला म्हणजे भरभराट आलीच. मला हे मान्य नाही. विमानतळ ही एक इमारत आहे. विमानसेवा ही दुसरीच गोष्ट. सिंधुदुर्गातील चिपीचा विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये मोठ्या उत्साहात उघडला. पण तेथील सेवा कधी चालू, कधी खंडित, अशी राहिली. विमान रोज भरावे इतके प्रवासी आणि माल त्या भागात असेल तरच कंपनी टिकते. म्हणजे व्यापार-उदीम विमानतळाला पोसतो. विमानतळ एकट्याने व्यापार निर्माण करीत नाही, असलेल्याला वेग देतो. आपल्या भागात लोकसंख्या आहे, भिवंडीची गोदामे आहेत, अंबरनाथ-डोंबिवलीचे कारखाने आहेत. वेग देण्याजोगे पुष्कळ आहे. उणीव आहे ती दारापर्यंतच्या वाटेची.

सरळ रेषेत पाहिले तर आंबिवलीपासून नवा विमानतळ तीस-पस्तीस किलोमीटरांवर आहे. पण लोकलने निघणाऱ्याला आधी ठाण्याला जाऊन गाडी बदलावी लागते. सडकेने जाणाऱ्याला शिळफाट्याची कोंडी भोगावी लागते. ऐरोली-काटई मार्ग आणि कल्याण-तळोजे मेट्रो ही कामे हाती घेण्यात आली आहेत. माझ्या मते आपल्या दृष्टीने विमानतळाचे खरे उद्‌घाटन ती पुरी होतील त्या दिवशी होईल. पहाटेच्या पाळीला विमानतळावर कामाला जाणारी मोहन्याची मुलगी दीड तासात निर्धास्तपणे तेथे पोहोचू शकली, तर विमानतळ आपला. नाही तर आपल्या वाट्याला फक्त वाढलेले घरभाडे.

रोजगाराचे नाव निघाले म्हणून सांगतो. विमानतळावर वैमानिक थोडे असतात. माल चढवणारे, यंत्रे दुरुस्त करणारे, स्वयंपाक करणारे, सुरक्षा पाहणारे, हिशेब ठेवणारे असेच लोक अधिक. ही कामे शिकता येण्याजोगी आहेत. पण ती शिकवण्याची सोय इथे, वेळेवर झाली पाहिजे. २००९ साली मोहन्याचा कारखाना बंद पडला तेव्हा हजारो कुटुंबांचा आधार एका दिवसात तुटला. एकाच भोंग्यावर सारे गाव चालवण्याचे परिणाम आपण भोगले आहेत. विमानतळाला दुसरा भोंगा समजून त्याच्याच भरवशावर बसू नये, एवढे शहाणपण त्या अनुभवाने यायला हरकत नाही.

तेव्हा आपण काय करावे? तीन गोष्टी सुचवतो. पहिली: महानगरपालिकेच्या विकास आराखड्यावर हरकती-सूचना मागवल्या जातात तेव्हा तो नकाशा प्रत्यक्ष जाऊन पाहावा, आपल्या घरावरून कोणता रस्ता जातो हे ठेकेदाराकडून कळण्याची वेळ येऊ देऊ नये. दुसरी: विमानतळाच्या नावाने कोणी भूखंड विकू लागला तर सातबारा, फेरफार आणि बिनशेती परवाना पाहिल्यावाचून विसार देऊ नये. तिसरी: काळू आणि उल्हास या नद्यांचे काठ भरावाखाली जाऊ देऊ नयेत. २६ जुलै २००५ चा पूर आपल्या घरांत शिरला होता. धावपट्टीसाठी नदी वळवणाऱ्या अभियंत्याला तिच्या पाण्याचा हिशेब करावा लागतो, चाळीसाठी ओढा बुजवणारा तो करीत नाही.

प्रारंभी मी त्या जुन्या बंदराची गोष्ट सांगितली. बंदर होते, गलबते येत होती, पण त्यांना कुठे नांगर टाकायचा हे दुसराच कोणी ठरवीत होता. आज आकाशातले बंदर आपल्या जवळ आले आहे. स्नेह्यांनी विचारले होते, आंबिवलीच्या माणसाला विमानाशी काय कर्तव्य? माझे उत्तर असे: विमानात बसणे हे त्याचे कर्तव्य नसेल, पण त्या बंदराचा रस्ता कोणत्या गावातून जातो, जमीन कोणाची जाते आणि काम कोणाला मिळते, हे विचारणे मात्र त्याचेच कर्तव्य आहे. ते त्याने आज विचारले नाही, तर उद्या त्याच्या वतीने दुसराच कोणी उत्तर देऊन मोकळा होईल.